झाडावर देवदूत पाहणारा चित्रकार

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाला स्मरणिका काढायची आणि प्रत्येकीने एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यायचे, असे बैठकीत ठरले तेव्हा मी मुकाट्याने मागे सरकून बसले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई ही नावे तर पहिल्या पाच मिनिटांतच इतर भगिनींनी घेऊन टाकली. माझ्या वाट्याला कोणी उरले नाही. तेव्हा आमच्या बाहेरच्या खोलीत गेले वर्षभर जे चित्र भिंतीवर आहे, ते काढणाऱ्याविषयीच लिहावे असे मी ठरवले. त्याचे नाव विल्यम ब्लेक. तो विलायतेतला, लंडन शहरातला. मला इंग्रजी येत नाही. आमची धाकटी चित्रकला शिकते. ती रोज संध्याकाळी पुस्तकातून वाचून मराठीत सांगे आणि मी पोळ्या लाटता लाटता ऐकत असे. तेव्हा काही चुकले असेल तर तो दोष तिचा नव्हे, माझ्या कानांचा.

आधी चित्राविषयी सांगते, म्हणजे मी एवढ्या लांबच्या माणसाच्या वाटेला का गेले ते कळेल. चित्रात काळाकुट्ट अंधार आहे. त्या अंधारात ढग बाजूला सारून एक तांबडे-सोनेरी बिंब उघडले आहे. त्या बिंबात पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा उघड्या अंगाने गुडघा मोडून वाकलेला आहे. वावटळ सुटावी तसे त्याचे केस आणि दाढी एकाच बाजूला उडताहेत. डावा हात त्याने खाली अंधारात लांबवला आहे आणि त्या हातात मुलांच्या कंपासपेटीतल्यासारखे भले मोठे कर्कटक आहे. त्याचे दोन पाय किरणांसारखे झळकतात. ब्लेकने हे चित्र 1794 साली काढले. मुलगी त्याला पुराणपुरुष म्हणते.

धाकटीने हे चित्र आणून लावले, त्या आठवड्यात आमच्याकडे जो येई तो त्याचा अर्थ लावून जाई. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, हा सूर्यनारायण. दाराची बिजागरी बसवायला आलेले सुतारमामा म्हणाले, सूर्यनारायण कसला, हातातले हत्यार बघा, हा विश्वकर्मा. आमच्या घरचे म्हणाले, कोणी बैरागी उंचावरून पडतो आहे. शेजारचा चार वर्षांचा बाळ तर दारातूनच परत फिरला, कारण तो म्हातारा आपल्याला मोजायला आला आहे असे त्याला वाटले. सासूबाईंनी काहीच विचारले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी देवपूजा झाल्यावर त्यांनी एक तगरीचे फूल त्या चौकटीवर ठेवले, आणि तेव्हापासून रोज ठेवतात.

यावर धाकटी पोट धरून हसली. कारण म्हणे, ज्याने चित्र काढले त्याच्या मनात हा खरा देव नव्हताच. ब्लेकने स्वतः रचलेल्या पुराणकथांत असा एक वृद्ध येतो, युरिझन नावाचा. तो सगळ्या जगाला माप लावतो, नियम घालतो आणि माणसाच्या मनाला बेड्या ठोकतो. म्हणजे सासूबाई ज्याला फूल वाहतात तो चित्रकाराच्या लेखी जवळजवळ तुरुंगाधिकारी! मी म्हटले, हे तू सासूबाईंना सांगू नकोस. पण गंमत अशी की, हे चित्र खुद्द ब्लेकला फार आवडे. लंडनमधल्या लँबेथ भागात तो राहत असताना जिन्याच्या वरच्या टोकाला हे दृश्य त्याला दिसले होते, असे सांगतात. मरणाच्या आधी काही दिवस अंथरुणात बसून तो याच चित्राची एक प्रत रंगवत होता. आवडते तुरुंगाधिकारी कोणी रंगवतो का? तेव्हा सासूबाईंचे फूलही अगदीच चुकीच्या जागी पडते असे मला वाटत नाही.

ब्लेकचा जन्म 28 नोव्हेंबर 1757 रोजी लंडनमधल्या सोहो भागातल्या ब्रॉड स्ट्रीटवर झाला. वडिलांचे मोज्यांचे आणि कपड्यांचे दुकान, घर दुकानाच्या वरच. मार खाणे त्याला मुळीच सोसत नसे, म्हणून त्याला शाळेत घातले नाही. जे काही शिकला ते घरी. चौथ्या वर्षी खिडकीतून देवाने डोके आत घातले आणि हा घाबरून किंचाळला. पुढे आठ-दहा वर्षांचा असताना पेकहॅम राय नावाच्या माळावर फिरताना त्याने एक झाड पाहिले. त्याच्या फांदीफांदीवर देवदूत बसले होते आणि त्यांचे पंख चांदण्यांसारखे चमकत होते. घरी येऊन त्याने ते सांगितले. पोरगा धडधडीत खोटे बोलतो म्हणून वडिलांनी हात उगारला. आई मध्ये पडली, म्हणून तो वाचला.

हे ऐकताना माझी तव्यावरची पोळी करपली. भगिनींनो, मी हे लिहू की नको, असा विचार चार दिवस केला. आमची धाकटी सहा वर्षांची होती. मामंजी जाऊन महिनाही झाला नव्हता. भरल्या घरात, पाहुण्यांसमोर ही म्हणाली की आजोबा झोपाळ्यावर बसलेत. मी तिच्या थोबाडीत मारली. चार माणसांत लाज वाटली, म्हणून मारली. त्यानंतर तिने मला असले काही कधी सांगितले नाही. चित्रे काढायची ती वहीत, आणि वही गादीखाली ठेवायची. ब्लेकची गोष्ट सांगताना ती पुस्तकातून डोळे वर करत नव्हती आणि मी तव्याकडे बघत होते.

पण पुढे तिनेच वाचून दाखवले की, त्याच आईने आणखी एकदा, शेतात झाडाखाली इझिकिएल हा प्राचीन प्रेषित दिसला असे तो म्हणाला तेव्हा त्याला चोप दिला होता. तेव्हा एकीच्याच हातून दोन्ही घडते.

दहाव्या वर्षी त्याला चित्रकलेच्या शाळेत घातले. 1772 साली जेम्स बझायर नावाच्या कोरीवकाम करणाऱ्या कारागिराकडे सात वर्षांसाठी उमेदवार म्हणून ठेवले, त्यासाठी वडिलांनी 50 गिनी मोजल्या. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचे, शाई भरायची आणि छापायचे, हा धंदा. गुरूने त्याला वेस्टमिन्स्टर ॲबी या जुन्या मंदिरातली राजेराण्यांची थडगी रेखाटायला पाठवले. तिथे त्या गारव्यात, दगडी मूर्तींच्या सोबतीत, पोराने वर्षे काढली. पोटाचा धंदा हाच राहिला. दुसऱ्यांची चित्रे कोरून द्यायची आणि उरलेल्या वेळात स्वतःची काढायची.

आता कॅथरीनबाईंविषयी सांगते. पुस्तकवाले तिचे दोन पाने लिहून पुढे जातात, मी तसे करणार नाही. कॅथरीन बुशेर ही बॅटरसी गावच्या भाजीपाला पिकवणाऱ्याची मुलगी. ब्लेकला एका मुलीने नकार दिला होता आणि तो दुःखात होता. ते दुःख त्याने कॅथरीनला सांगितले, तिला त्याची कणव आली, आणि ती कणव पाहूनच त्याचे मन तिच्यावर बसले. 18 ऑगस्ट 1782 रोजी लग्न झाले. लग्नाच्या नोंदवहीत तिने सही म्हणून फुली मारली. मग नवऱ्याने तिला लिहायला, वाचायला, चित्रे रंगवायला आणि छापयंत्र फिरवायला शिकवले. मूलबाळ झाले नाही. तो छापायचा, ती रंग भरायची, पाने शिवून पुस्तके बांधायची ती हीच. घरात पैसे नसले की ती बोलून दाखवत नसे. जेवायच्या वेळी रिकामी ताटली त्याच्यापुढे मांडायची. मग तो देवदूत बाजूला ठेवून गिऱ्हाइकाचे काम हातात घ्यायचा. अडीअडचणीसाठी एखादी गिनी तिने कुठेतरी दडवून ठेवलेली असे, ती त्याला शेवटपर्यंत ठाऊक नव्हती. डाळीच्या डब्यात नोटा ठेवणाऱ्या आपणांपैकी कोणाला याचे नवल वाटायला नको.

ब्लेकचा धाकटा भाऊ रॉबर्ट क्षयाने 1787 च्या फेब्रुवारीत गेला. ब्लेक रात्रंदिवस उशाशी बसून होता. प्राण जाताना भावाचा आत्मा आनंदाने टाळ्या वाजवत छतातून वर गेलेला त्याने पाहिला, आणि मग तो तीन दिवस तीन रात्री झोपला. पुढे याच भावाने दृष्टांत देऊन छपाईची एक नवी रीत सांगितली, असे तो म्हणे. तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे आणि चित्रे आम्लाने न खाल्ल्या जाणाऱ्या रोगणाने उलटी काढायची आणि पत्रा आम्लात ठेवायचा. भोवतालचे तांबे झिजते आणि काढलेले उठून दिसते. त्यावर शाई लावून कागद दाबायचा आणि वर हाताने रंग भरायचा. घरात शेवटचे अडीच शिलिंग उरले होते. त्यांतले 1 शिलिंग 10 पेन्स खर्चून कॅथरीनबाईंनी त्यासाठीचे सामान आणले, असे सांगतात. 1789 साली मुलांसाठीच्या गाण्यांचे सचित्र पुस्तक अशा रीतीने निघाले. आज त्याच्या एकेका प्रतीला संग्रहालये काचेत जपतात.

आता त्याची चित्रे पाहणाऱ्यांविषयी सांगते, कारण या माणसाचे सुखदुःख सगळे त्यांच्याच हाती होते. 1799 मध्ये ट्रस्लर नावाच्या एका धर्मोपदेशकाने त्याला दुष्टबुद्धीचे चित्र काढायला सांगितले. ब्लेकने बायको आणि मूल यांचा निरोप घेणारा बाप काढला आणि मागे दडून बसलेले, टपलेले दोन राक्षस काढले. ट्रस्लरसाहेबांनी ते परत केले. त्यांचे म्हणणे असे की, ही कल्पना भुताखेतांच्या जगातली आहे, या जगातली नव्हे. ब्लेकने त्यांना लांबलचक पत्र लिहून कळवले की, जो जसा असतो तसे त्याला दिसते. पत्र खरे असले तरी गिऱ्हाईक गेले ते गेलेच. त्याच साली टॉमस बट्स नावाचा एक सरकारी कारकून भेटला. त्याने बायबलमधल्या कथांवरची 50 चित्रे, एकेक गिनीला एक, अशी सांगितली आणि पुढेही वर्षानुवर्षे घेत राहिला. त्याने अर्थ विचारले की नाही ते मला ठाऊक नाही, पण त्या कारकुनाच्या पैशावर या दोघांची चूल पेटत होती.

मध्ये तीन वर्षे, 1800 ते 1803, एका कवीच्या आश्रयाने ते समुद्रकाठच्या फेल्फम गावी राहिले. तिथे बागेत शिरलेल्या एका शिपायाला ब्लेकने हुसकून लावले, म्हणून राजद्रोहाचा खटला झाला. 1804 साली तो निर्दोष सुटला. असो.

सगळ्यांत मोठा घाव पडला 1809 साली. ब्लेकने स्वतःच्या 16 चित्रांचे प्रदर्शन मांडले. जागा कुठली, तर ज्या घरात तो जन्मला तेच, भावाच्या दुकानाच्या वरची खोली. तिकीट अडीच शिलिंग, त्यात चित्रांची माहिती देणारी पुस्तिका. भगिनींनो, त्या 16 चित्रांत एक आपल्याकडचे होते. चार्ल्स विल्किन्स या इंग्रजाने भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर केले, ते 1785 साली छापून आले. तो विल्किन्स ब्राह्मण पंडितांसह गीतेचे भाषांतर करत बसला आहे, असे ते चित्र. ब्लेकने हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता, पंडितांचे कपडे चुकले आहेत हे त्याने पुस्तिकेत स्वतःच कबूल केले होते. ते चित्र पुढे हरवले, आज कोठेच नाही. कोणत्या रंगाचे धोतर काढले होते त्याने, कोण जाणे.

प्रदर्शनाला माणसे जवळजवळ आलीच नाहीत. एका वर्तमानपत्राने मात्र दखल घेतली. त्यात ब्लेकला वेडा ठरवले होते, आणि निरुपद्रवी आहे म्हणूनच त्याला कोंडलेले नाही, असे छापले होते. पन्नाशी उलटलेल्या माणसाने आपले सर्वस्व भिंतीवर टांगावे आणि त्यावर हे वाचावे. कॅथरीनबाईंनी ते वर्तमानपत्र वाचले असेल का, हाच विचार मला त्या रात्री झोपू देईना. तिला वाचायला त्यानेच तर शिकवले होते. क्रॅब रॉबिन्सन नावाचा एक गृहस्थ मात्र आला. त्याने चार पुस्तिका विकत घेतल्या आणि दुकानदार भावाला विचारले की, मला पुन्हा फुकट येता येईल का. भावाने सांगितले, जन्मभर या. गिऱ्हाईकच नसले की दुकानदार उदार होतो!

नंतरची काही वर्षे फार हलाखीत गेली. 1818 साली जॉन लिनेल हा तरुण चित्रकार भेटला आणि दिवस थोडे पालटले. त्याच्या ओळखीने जॉन व्हार्ली भेटला. हा व्हार्ली चित्रकार आणि शिवाय ज्योतिषवेडा. 1819 पासून रात्री त्याच्या घरी बैठक जमे. ब्लेकला मेलेले राजे, वीर समोर बसलेले दिसत आणि तो त्यांची मुखे भराभर रेखाटी. व्हार्ली डोळे फाडून त्या रिकाम्या जागेकडे बघे. त्याला काही दिसत नसे, पण विश्वास पुरा. लिनेल शेजारीच बसे. तो हे ब्लेकच्या मनातले खेळ मानी, तरी चित्रांवर त्याचे तितकेच प्रेम. एकदा ब्लेकला पिसवेचे भूत दिसले. आपल्या अंथरुणात सापडते तीच पिसू! त्याचे त्याने रंगीत चित्र केले. आडदांड अंगाचा, जीभ बाहेर काढलेला तो राक्षस हातात रक्ताचे भांडे घेऊन चालला आहे. चित्र जेमतेम वहीच्या पानाएवढे. मुलीने दाखवले तेव्हा मला आधी हसू आले आणि मग त्या रात्री पाठीला खाज सुटली.

म्हातारपणी मात्र त्याला त्याचे पाहणारे मिळाले. सॅम्युएल पामर 19 वर्षांचा असताना त्याला भेटला. जॉर्ज रिचमंड आणि एडवर्ड कॅल्व्हर्ट हे दुसरे दोघे. ही पोरे ब्लेकच्या दाराची घंटा वाजवण्याआधी तिच्या मुठीचे चुंबन घेत, असे सांगतात. घर म्हणजे फाउंटन कोर्टमधल्या दोन खोल्या. एकीत स्वयंपाक, झोपणे, काम सगळे, आणि खिडकीतून दोन घरांच्या फटीत थेम्स नदीची पट्टी. एकदा रिचमंड रडकुंडीला येऊन म्हणाला की, दोन आठवडे मला काही सुचतच नाही. ब्लेकने उत्तर दिले नाही. बायकोकडे वळून विचारले की, आपल्याला जेव्हा काही दिसेनासे होते तेव्हा आपण काय करतो. कॅथरीनबाई म्हणाल्या, गुडघे टेकून प्रार्थना करतो. विचारताना त्याने आपण म्हटले, मी नव्हे. फुली मारणाऱ्या बाईला त्याने कुठवर आणले, किंवा तिने त्याला कुठवर सांभाळून आणले, ते यात आहे. एरवी तिचीही तक्रार असे की नवऱ्याची सोबत तिला फारशी मिळत नाही, तो सदा स्वर्गातच असतो.

लिनेलने सांगितल्यावरून त्याने जोब या बायबलमधल्या पुण्यवान पुरुषाच्या छळाची 21 चित्रे तांब्यावर कोरली. ती 1826 साली प्रसिद्ध झाली. आपल्या हरिश्चंद्राची गोष्ट ज्यांना रडवते त्यांनी ती जरूर बघावी. मग दांते या इटालियन कवीच्या स्वर्ग-नरकाची 102 चित्रे घेतली. त्यासाठी साठी उलटल्यावर इटालियन भाषा शिकला. ती चित्रे अंथरुणात बसूनच काढत होता. 12 ऑगस्ट 1827, रविवार. त्या दिवशी त्याने कॅथरीनबाईंना समोर बसायला सांगून त्यांचे चित्र काढले, मग स्वतःची गाणी म्हटली आणि संध्याकाळी तो गेला. ते चित्र उरलेले नाही. 17 तारखेला बनहिल फील्ड्स या दफनभूमीत, जिथे अनेक गोरगरीब एकाच खड्ड्यात ठेवत, तिथे पुरले. त्यासाठी लिनेलकडून उसने पैसे घ्यावे लागले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लग्नाला 45 वर्षे पूर्ण होत होती.

त्यानंतर चार वर्षे कॅथरीनबाई एकट्या होत्या. राजघराण्यातल्या एका बाईने 100 पौंड पाठवले, ते त्यांनी आभार मानून परत केले. माझ्यापेक्षा गरजवंत पुष्कळ आहेत असे कळवले म्हणतात. चित्र विकत घ्यायला कोणी आले की त्या, मिस्टर ब्लेकना विचारून सांगते, असे म्हणत. तो रोज येऊन दोन-तीन तास बसून जातो, असे त्या सांगत. ऑक्टोबर 1831 मध्ये त्या वारल्या. तेव्हा कोणी त्यांच्या थोबाडीत मारली नाही, एवढे खरे.

पुढे ब्लेकची कीर्ती हळूहळू वाढली. त्याच्या एका कवितेला 1916 साली ह्यूबर्ट पॅरी याने चाल लावली, आणि 1924 पासून इंग्लंडमधली महिला मंडळे ते गाणे आपल्या सभेत म्हणतात. आपल्या मंडळाच्या भगिनींना हे कळावे म्हणून मुद्दाम लिहिले. कबरीची नेमकी जागा दोघा चाहत्यांनी वर्षानुवर्षे जुनी दफ्तरे धुंडाळून शोधली आणि 12 ऑगस्ट 2018 रोजी तिथे दगड बसवला. 2019 च्या नोव्हेंबरात, त्याच्या वाढदिवसाला, लंडनच्या सेंट पॉल देवळाच्या घुमटावर उजेडाने एक चित्र उमटवले. कोणते, तर हेच, आमच्या भिंतीवरचे. रस्त्याने जाणारी माणसे थांबून बघत होती, आणि तिकीट नव्हते.

हा लेख मी धाकटीला वाचून दाखवला, सनावळी तपासण्यासाठी. झोपाळ्याची ओळ आली तेव्हा ती गप्प राहिली. मग मीच विचारले की, त्या दिवशी आजोबा कसे बसले होते. ती म्हणाली, एक पाय जमिनीला टेकवून, कानटोपी घालून. आणि हे मी आजीला तेव्हाच सांगितले होते, तिने विचारले म्हणून. सासूबाईंनी इतक्या वर्षांत मला एका शब्दाने कळू दिले नाही.

येत्या संक्रांतीला हळदीकुंकवाला आमच्याकडे याल, तेव्हा बाहेरच्या खोलीत डाव्या हाताला बघा. फूल असेल, ते हलवू नका. म्हातारा कोण वाटतो तेवढे मात्र मला सांगून जा.